भाड्याच्या कोंबड्या आणि बिनमालकाच्या माश्या

जर्मनीत कोंबड्या भाड्याने मिळतात, हे कळल्यावर पद्माकरराव खांबेट्यांना आधी बरं वाटलं आणि मग, नेहमीप्रमाणे, काळजी वाटू लागली. भाड्याने म्हणजे परत कराव्या लागणार. परत करायच्या म्हणजे नेल्या तशाच्या तशा. वाचनालयाचं पुस्तक त्यांनी उभ्या आयुष्यात कधी कोपरा दुमडून परत केलेलं नव्हतं; पण पुस्तक निदान आपण होऊन कुंपणावर चढून बसत नाही.

आता उंटरश्लाइसहाइममध्ये मुलाकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या, सत्तरी उलटलेल्या, दुकानात सुटे पैसे मागायलाही लाजणाऱ्या गृहस्थाला कोंबड्या हव्यात कशाला? तर नातीमुळे.

ईप्सिताच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. तिसरीतल्या प्रत्येक मुलाने आपापल्या आजोबांची ओळख करून द्यायची. एकाचे आजोबा अग्निशमन दलातले. ते हेल्मेट घेऊनच आले होते. एकीचे आजोबा खोदकामाचं यंत्र चालवायचे. त्यांनी मुलांना आपले हात बघायला दिले. पद्माकररावांच्या खिशात चष्म्याची डबी होती. आयुष्यभर पुण्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाने दाखवायचं तरी काय? ईप्सिता त्यांच्याशेजारी उभी राहिली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "हे माझे आजोबा. हे वाचतात."

वर्ग वाट बघत राहिला. मग लुकास नावाच्या एका मुलाने, अगदी सरळ मनाने, विचारलं, "उंट झोन्स्ट?" म्हणजे, आणि एरवी?

पद्माकररावांना एवढं जर्मन येत होतं. प्रश्न त्यांना रास्त वाटला. एरवी काय? त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एरवीसुद्धा ते वाचतच होते. तेवढ्यात ईप्सिताचे कान लाल झाले आणि तिने भराभर काहीतरी सांगून टाकलं. त्यातले दोन शब्द त्यांना स्वच्छ कळले. मधमाश्या आणि कोंबड्या. "ओऽऽ," असा वर्गातून आवाज आला. अग्निशमन दलाने हेल्मेट खाली ठेवलं.

"खरंच का?" वर्गाच्या बाई फ्राउ, म्हणजे श्रीमती, झाइलर यांनी आनंदाने विचारलं. "तुमच्याकडे मधमाश्या आणि कोंबड्या आहेत?"

न कळून मान हलवली असती तर ती चूक म्हणता आली असती. पद्माकररावांना सगळं कळलं होतं. त्यांनी नातीच्या लाल कानांकडे पाहिलं आणि मान हलवली.

तिथल्या तिथे ठरलं. जूनमध्ये शाळेचा प्राण्यांचा आठवडा असतो, तेव्हा अख्खा वर्ग खांबेट्यांच्या बागेत येणार.

"बाबा, तुम्ही मान का हलवलीत?" संध्याकाळी मीनलने कपाळाला हात लावून विचारलं. सून म्हणून ती सासऱ्यांशी नेहमी जपून बोले. पण त्या दिवशी तिला ऑफिसात तीन मीटिंगा होत्या.

"आल्झो, तर मग, काही प्रॉब्लेम नाही," मुलगा सिद्धेश म्हणाला. तो सॉफ्टवेअरमधला, त्याच्या मते जगात प्रॉब्लेम नसतातच, नुसती तिकिटं, म्हणजे निपटायच्या तक्रारी, असतात. "मी फ्राउ झाइलरना मेल टाकतो. गैरसमज झाला म्हणून."

हे ऐकून ईप्सिताने जर्मनमध्ये रडायला सुरुवात केली. घरात सगळे मराठी बोलत आणि ती उत्तरं जर्मनमध्ये देई; तो तिचा जुना शिरस्ता. रडण्याचा मथितार्थ असा, की आता सगळे तिला खोटारडी म्हणणार, आणि इथे तिसरीतलीच मुलं चौथीत जातात, त्यामुळे चौथीतसुद्धा म्हणणार.

"पण तू असं सांगितलंस कशाला गं, सोन्या?" आजीने, कुसुमताईंनी, विचारलं.

"कारण वाचणं दिसत नाही," ईप्सिता मुसमुसत म्हणाली.

पद्माकरराव बराच वेळ चष्मा पुसत बसले. "बघू," ते म्हणाले. संसारात 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा असतो, हे कुसुमताईंना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे यांना या वेळी खरोखर बघायचं आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ईप्सिता अगदीच हवेतलं बोलली होती असंही नाही. मधमाशीपालन आणि कुक्कुटपालन या विषयावरच्या एका सरकारी पुस्तिकेची मुद्रितं पद्माकररावांनी एके काळी तपासली होती आणि हे नातीला कौतुकाने सांगितलंही होतं. पुस्तिका त्यांना जवळजवळ पाठ होती. अडचण एवढीच, की तिच्यातल्या मधमाश्या महाबळेश्वरच्या सातेरी जातीच्या होत्या, कोंबड्यांना मुंगसाची भीती होती आणि बर्फाचा उल्लेख फक्त लस ठेवण्यासाठी होता.

सिद्धेशने भाड्याच्या कोंबड्यांची वेबसाइट शोधून काढली. तीन कोंबड्या, चाकांचं खुराडं, जाळीचं कुंपण, दाणा, सगळं घरपोच. कुसुमताईंनी परवानगी दिली, पण अट घातली. "कोंबड्या खुशाल येऊ देत. जीव आहे, येईल, राहील. अंडं उंबरठ्याच्या आत येणार नाही."

"आई, कोंबडी म्हटलं की अंडं आलंच."

"आलं तर बाहेर थांबेल."

कोंबडी एक असो की हजार, पशुवैद्यकीय कार्यालयात तिची नोंद करावी लागते. सिद्धेशने फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंचा आवाज गोड होता. पण असा गोड आवाज जर्मन कार्यालयात पुढच्या वाक्यासाठी माणसाची तयारी व्हावी म्हणून वापरतात, हे सिद्धेशला माहीत होतं.

"पाळण्याचा उद्देश? अंडी की मांस?"

सिद्धेशने आईकडे पाहिलं. "दोन्ही नाही."

"मग प्रजनन?"

"छे छे!" कुसुमताई जर्मन न कळताही म्हणाल्या.

"मग तुम्ही कोंबड्या पाळताय कशासाठी?"

नातीच्या अब्रूसाठी, असं उत्तर पद्माकररावांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यासाठी फॉर्मवर चौकोन नसणार, हे त्यांनी ओळखलं. बाईंनी शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर 'इतर' असं लिहून घेतलं. त्यानंतर पद्माकरराव दोन दिवस स्वतःला 'इतर' समजत होते.

तेवढ्यात सिद्धेशचा फ्रँकफर्टचा मित्र नागेश याचा फोन आला. नागेशच्या बाल्कनीत टोमॅटोचं एक रोप होतं. तेवढ्या अनुभवावर तो समस्त युरोपच्या शेतीविषयी बोलत असे. "काका, एकच सांगतो. कोल्हा. कोल्ह्याला माणसाचा आवाज सहन होत नाही. बागेत रेडिओ लावून ठेवा."

कोंबड्या आल्या. तिन्ही तांबूस, टपोऱ्या आणि आपण भाड्याच्या आहोत याची यत्किंचित लाज नसलेल्या. ईप्सिताने त्यांची नावं ब्रेझल, नूडल आणि फ्राउ म्युलर ठेवली. कुसुमताईंनी त्याच कोंबड्यांना शकू, यमू आणि बबी म्हणायला सुरुवात केली. कोंबड्या दोन्ही नावांकडे सारखंच दुर्लक्ष करून दाणे टिपत. तरी कुसुमताईंचं ठाम मत झालं, की त्यांना मराठी जास्त कळतं. या देशात आल्यापासून दिवसभर समोर बसून ऐकून घेणारं कोणीतरी त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांनी शकूला जावेची सगळी हकिकत सांगितली.

नागेशच्या सल्ल्याप्रमाणे रेडिओ लावला. कोल्हा आला नाही. त्याच्याऐवजी शेजारच्या फ्राउ वाइगल आल्या. कोंबड्यांच्या ओरडण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती; तो निसर्ग. पण दुपारच्या शांततेच्या वेळेत रेडिओ वाजणं हा निसर्ग नव्हे. पद्माकररावांनी इतक्या वेळा माफी मागितली, की शेवटी फ्राउ वाइगलनाच अपराधी वाटायला लागलं. त्यांची समजूत काढायला म्हणून पद्माकररावांनी कुंपणावरून अंडी त्यांच्या हाती ठेवली. इथे पुढच्या संकटाची सुरुवात झाली.

कारण फ्राउ वाइगल या अंडी फुकट घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या केक घेऊन आल्या. केकमध्ये अंडी. कुसुमताईंनी तो हसून घेतला आणि उंबरठ्याबाहेर स्टुलावर ठेवला. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आपली रीत, म्हणून मीनलने त्यात पुन्हा अंडी घालून दिली. तिसऱ्या दिवशी दोन केक आले. सिद्धेश ते ऑफिसात न्यायला लागला. ऑफिसातल्या लोकांनी कृतज्ञतेने त्याला चीजकेक दिला. महिनाअखेरीस त्या घराच्या दारात, जिथे कोणी अंडं खात नव्हतं, तिथे बेकरीचा वास येत होता, सिद्धेश ऑफिसात कमालीचा लोकप्रिय झाला होता आणि फ्राउ वाइगल मैद्याची पोती मागवत होत्या. कोणालाही थांबता येत नव्हतं. दोन्हीकडची माणसं सभ्य होती.

पण मधमाश्यांचं काय? मधमाश्या भाड्याने मिळेनात.

चार बागा पलीकडे हेर, म्हणजे श्रीयुत, हिंटरहुबर राहत. निवृत्त पोस्टमास्तर, मधमाशीपालक मंडळाचे चिटणीस, आणि मिशा अशा, की एखादी माशी चुकून त्यांत राहायला गेली तर तिला भाडं पडू नये. मधमाशीपालनातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत होतं आणि ते मंडळात इतरांनाही मान्य होतं, कारण न मानल्यास सभा लांबे. सिद्धेशने जाऊन सगळी हकिकत सांगितली. हेर हिंटरहुबरांनी मिशीवरून हात फिरवला. माश्यांची एक लहान वसाहत ते मोसमापुरती द्यायला तयार झाले. लाकडी पेटी मात्र स्वतःची हवी, स्वच्छ, नवी.

पेटी आली. नवी कोरी, पाइनच्या लाकडाचा वास येणारी. आणि खांबेट्यांच्या घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागल्याशिवाय वापरायची नाही, हा नियम. सिद्धेशची गाडी घेताना म्युनिकच्या शोरूममध्ये चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. मीनलच्या लॅपटॉपवर अजून कुंकवाचा ठिपका होता. मग ज्यात हजारो जीव राहायला येणार, त्या घराची पूजा करायची नाही?

हेर हिंटरहुबर माश्या घेऊन येण्याच्या आधी पूजा उरकायची असं ठरलं होतं. पण पूजा वेळेवर उरकली असती तर ती पूजा कसली. ते कुंपणाच्या फाटकाशी आले, तेव्हा पेटीवर कुंकवाने 'श्री' काढलेला होता, झेंडूचा हार घातलेला होता, उदबत्ती लावलेली होती, पद्माकरराव सोवळ्याऐवजी स्वेटरमध्ये पुस्तकातून मंत्र वाचत होते, आणि कुसुमताई पळीने पंचामृत शिंपडत होत्या. हेर हिंटरहुबरांनी टोपी काढली. त्यांच्या गावच्या चर्चमध्येही माश्यांना आशीर्वाद देत असत. तेवढं त्यांना समजलं. आरती संपेपर्यंत ते बगलेत जाळीच्या पेटीतल्या माश्या घेऊन मान खाली घालून उभे राहिले. पद्माकररावांना ते दृश्य अतिशय सुसंस्कृत वाटलं.

मग हेर हिंटरहुबर पुढे आले, वाकले, पेटीच्या कडेला बोट लावलं, बोट हुंगलं.

"होनिग?" म्हणजे, मध?

"या, या!" कुसुमताई अभिमानाने जर्मनमध्ये हो म्हणाल्या. दूध, दही, तूप, साखर आणि मध. त्यांनी पाच बोटं दाखवली. मग त्या आत जाऊन मधाची बाटलीच घेऊन आल्या. चांगल्या दुकानातला होता. त्यांनी देवासाठी म्हणून महागातला निवडला होता.

हेर हिंटरहुबरांनी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तो मोठ्याने वाचला, मृत्यूची बातमी वाचावी तसा: युरोपीय संघातील आणि युरोपीय संघाबाहेरील देशांतील मधांचं मिश्रण.

"बाहेरील!" ते म्हणाले.

पद्माकरराव स्वतः युरोपीय संघाबाहेरील. त्यांना उगाचच आपल्याबद्दलच बोलणं चाललं आहे असं वाटून त्यांनी मान खाली घातली.

सिद्धेशने पुढचं समजावून सांगितलं. परदेशी मधातून अळ्या सडवणाऱ्या रोगाचे जंतू येऊ शकतात. इथल्या माशीने तो चाटला, की तिचं पोळं सडतं, मग शेजारचं सडतं, मग कार्यालय येऊन सगळा परिसर बंद करतं आणि पोळी जाळायला लावतं. पंचामृताच्या एका पळीने उंटरश्लाइसहाइमच्या समस्त मधमाश्यांचा निर्वंश होऊ शकला असता.

"अगं बाई," कुसुमताई म्हणाल्या. "पण देवाच्या नावानं होतं."

हेर हिंटरहुबरांनी पेटी घासायला, धुवायला आणि आतून ज्वाळेने भाजायला सांगितली, आपल्या माश्या गाडीत मागच्या सीटवर ठेवल्या, त्यांना पट्टा बांधला आणि ते निघून गेले. त्यांनी कार्यालयाला कळवलं नाही, एवढे उपकार. पण त्या दिवसापासून रस्त्यात भेटले की नुसती मान हलवत. त्या हलवण्यात पद्माकररावांना एक संपूर्ण निकालपत्र वाचता येई.

वर्ग यायला थोडेच दिवस उरले होते. पद्माकररावांनी सोडा घालून पेटी घासली. भाजायला मीनलचा स्वयंपाकघरातला छोटा गॅसचा टॉर्च घेतला; तिने तो भरताची वांगी भाजायला आणला होता. आत ज्वाळा फिरवताना जरा जास्त धूर झाला. इतका, की फ्राउ वाइगलनी कुंपणापलीकडून बादलीभर पाणी फेकलं. ते पेटीपर्यंत पोचलं नाही. पद्माकररावांपर्यंत पोचलं.

"असल्या जळकट वासाच्या घरात कोण राहील?" ओल्या नवऱ्याकडे न बघता कुसुमताई म्हणाल्या. चहाला त्या पुण्याहून आणलेला वाळका गवती चहा भरपूर टाकत. त्याचा उरलेला चोथा त्या रोज झाडांना घालत. आता तो, वास घालवण्यासाठी, पेटीत ठेवायला लागल्या. त्यात मध नव्हता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

पद्माकररावांना मात्र झोप लागेना. आपण कुठल्या कायद्यात अडकलो का, हे बघण्यासाठी त्यांनी सिद्धेशच्या टॅबवर माश्यांविषयीचे जर्मन कायदे इंग्रजी भाषांतरात वाचायला घेतले. आणि भीती वाटायची सोडून त्यांना मजाच वाटू लागली.

"अगं, ऐक तरी. यांच्या दिवाणी कायद्यात उडालेल्या मधमाश्यांसाठी वेगळी कलमं आहेत. थवा उडाला तर मालकाने ताबडतोब पाठलाग करायचा. पाठलाग करताना तो कोणाच्याही बागेत शिरू शकतो. पण पाठलाग सोडला, की थवा बिनमालकाचा!"

"माणसांचं काय लिहिलंय त्यात?" कुसुमताईंनी कूस बदलत विचारलं. "तीन महिन्यांनी उडावंच लागतं ना?"

तो दिवस उगवला. स्वच्छ ऊन, गरम, वारा नाही. फ्राउ झाइलर आणि अख्खा वर्ग बागेत दाटीवाटीने उभा राहिला. कोंबड्यांनी आपली बाजू उत्तम सांभाळली. फ्राउ म्युलरने, म्हणजे बबीने, सगळ्यांदेखत अंडं दिलं. टाळ्या पडल्या. पद्माकररावांनी पुस्तिकेतली माहिती सांगितली, ईप्सिताने ती जर्मनमध्ये केली. मुंगसाचा परिच्छेद त्यांनी गाळला.

"आणि आता मधमाश्या!" फ्राउ झाइलर म्हणाल्या.

मुलं पेटीभोवती सरकली. पुसलेल्या 'श्री'चा लालसर डाग तेवढा दिसत होता. आत चहाचा चोथा होता. ईप्सिताने आजोबांचा स्वेटर धरला. तिचे कान पुन्हा तसेच लाल झालेले. रात्रभर पद्माकररावांनी सबबी जुळवून ठेवल्या होत्या: माश्या रजेवर आहेत, माश्या लाजाळू आहेत. त्यांपैकी एकही त्यांना आता सांगवेना. आपल्या एका मान हलवण्यामुळे ही पोर गेले कित्येक दिवस खोट्याच्या कड्यावर उभी आहे, आणि तिला खाली उतरवायचं तर ते आपणच केलं पाहिजे.

"सांग त्यांना," ते हळूच म्हणाले, "की आजोबांकडे माश्या नाहीत. चूक आजोबांची. त्यांनी मान हलवली."

"आजोबा, नको ना," ईप्सिता म्हणाली. मराठीत.

पद्माकररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी स्वतःच तोंड उघडलं. "किंडर," ते म्हणाले, म्हणजे मुलांनो. आणि पुढचा शब्द शोधू लागले.

शब्द सापडला नाही. त्याऐवजी घरघर ऐकू आली. आधी वाटलं विमान. मग फ्राउ वाइगलच्या छपरावरून एक तपकिरी ढग सरकत आला आणि बागेवर उतरू लागला. हवा माश्यांनी भरून गेली.

"सगळ्यांनी आत!" फ्राउ झाइलर ओरडल्या. घर सात पावलांवर होतं, पण घाबरलेल्या माणसाला जे दार आधी दिसतं ते आत वाटतं. बाईंनी अख्खा वर्ग कोंबड्यांच्या कुंपणात घातला, स्वतः शिरल्या आणि फाटक लावून घेतलं. फाटक लागायच्या आत शकू, यमू आणि बबी गर्दीतून वाट काढत बाहेर आल्या आणि आपल्या घरात कोंडलेल्या या प्राण्यांकडे मान तिरकी करून बघू लागल्या. जाळीच्या भोकांतून माशी सहज जाऊ शकते, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. सुदैवाने माश्यांच्याही नाही.

त्यांचं लक्ष पेटीवर होतं. गवती चहाच्या वासावर मधमाश्या भाळतात, हे पुस्तिकेत नव्हतं. त्या पेटीच्या तोंडाशी झुंबड करून आत शिरू लागल्या; दिवाळीत मामाकडे आल्यासारख्या.

आणि कुंपणापलीकडून गर्जना आली: "मी पाठलाग करतो आहे! सगळ्यांनी ऐका! मी पाठलाग करतो आहे!"

हेर हिंटरहुबर होते. डोक्यावर जाळीची टोपी, हातात वेताची टोपली, एका पायात चप्पल. थवा त्यांच्याच पोळ्यातून उडालेला होता. फ्राउ वाइगलच्या कुंपणावरून त्यांनी स्वतःला अलीकडे लोटलं, झुडपात पडले, उठले आणि साक्षीदारांसाठी पुन्हा एकदा म्हणाले, "पाठलाग!" मग त्यांना अशी धाप लागली, की टोपली हातातून गळाली.

दारी आलेला माणूस चहाशिवाय जात नाही, हा कुसुमताईंचा दिवाणी कायदा. माश्या असोत, नसोत. त्या कप घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "अहो, त्यांना बसायला सांगा ना! केवढा घाम आलाय!"

पद्माकररावांच्या डोक्यात कलम लख्ख उभं राहिलं. बसले, की पाठलाग सुटला. पाठलाग सुटला, की माश्या बिनमालकाच्या. मग त्या ज्याच्या पेटीत, त्याच्या. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर त्यांचा जन्म गेला होता. ईप्सिताची अब्रू, आपली अब्रू, सगळं एका खुर्चीवर आलं होतं, आणि खुर्चीच्या दिशेने हेर हिंटरहुबर वाकत होते.

"नाइन!" पद्माकरराव ओरडले. "निख्त झिट्सेन!" बसू नका!

जर्मनीत आल्यापासून ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते, आणि ते एका दमलेल्या वृद्धाला बसू नका असं सांगण्यासाठी.

"अहो, काय हे!" कुसुमताई शरमेने लाल झाल्या. "भांडण गेलं चुलीत, दारी आलेल्या माणसाला असं बोलतात?" आणि त्यांनी हेर हिंटरहुबरांना बाही धरून खुर्चीत बसवलं, हातात कप दिला. हेर हिंटरहुबरांनी, काय करावं ते न सुचून, एक घोट घेतला. मग, कपात डोकावून पाहून, दुसरा.

"ईप्सिता, सांग त्यांना, लवकर," पद्माकरराव कळवळून म्हणाले. "कलम नऊशे एकसष्ट. उठायला सांग."

ईप्सिताने कुंपणाच्या आतून, जाळीला नाक लावून, सांगितलं. "आजोबा म्हणतात, तुम्ही बसलात तर पाठलाग संपतो. मग माश्या तुमच्या राहत नाहीत. म्हणून ते ओरडले."

हेर हिंटरहुबरांनी कप खाली आणला. पेटीकडे पाहिलं, शेवटच्या माश्या शिस्तीत आत जात होत्या. मग ओल्या डोळ्यांच्या, चष्मा घसरलेल्या पद्माकररावांकडे पाहिलं.

"हे तुम्हाला कसं माहीत? आमच्या मंडळात इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतो, कायदा वाचा. एकाने वाचला नाही."

"इख लेझे," पद्माकरराव म्हणाले. मी वाचतो.

पायाशी यमू काहीतरी टिपत होती, बहुधा चप्पल. हेर हिंटरहुबरांनी उरलेला चहा सावकाश संपवला, मिशी पुसली, पाय लांब केले आणि रिकामा कप कुसुमताईंपुढे धरला.

"अजून एक," ते म्हणाले. मग साक्षीदारांकडे वळून, पोस्टमास्तरच्या आवाजात: "मी पाठलाग सोडला आहे."

कुंपणाच्या आतून लुकासचा आवाज आला. "म्हणजे आता मधमाश्या त्यांच्या?"

"आता त्यांच्या," ईप्सिता म्हणाली.

"आणि आधी?"

ईप्सिताने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी या वेळी मान हलवली नाही. उत्तर तिच्यावर सोडलं.

"आधी नव्हत्या. मी खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली. "आधी ते त्याबद्दल वाचत होते."

लुकासने थोडा विचार केला. मग जाळीला लटकून, आदराने, त्याने विचारलं, अजून काय काय वाचलंय त्यांनी?

माश्यांची नोंद करायला सिद्धेशने पुन्हा त्या गोड आवाजाच्या बाईंना फोन लावला. खांबेटे म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला, आणि उद्देशाच्या रकान्यात आपण होऊन 'इतर' लिहिलं. कोंबड्या गेल्या तेव्हा कुसुमताईंनी तिघींना हळदकुंकू लावलं. भाड्याच्या माणसाने गाडीच्या काचेतून ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. फ्राउ वाइगलकडे अजून मैदा उरला होता.

जुलैत पद्माकररावांचा आणि कुसुमताईंचा व्हिसा संपला आणि त्यांना देश सोडावा लागला. माश्यांना कोणी काही विचारलं नाही. युरोपीय संघाबाहेरील मालकाच्या त्या हजारो माश्या उंटरश्लाइसहाइममध्येच राहिल्या. हेर हिंटरहुबर रविवारी येऊन पेटी बघतात, दोन कप चहा पितात आणि न चुकता सांगतात, की पेटी चुकीच्या दिशेला ठेवली आहे. मग ईप्सिता पुण्याला फोन लावून आजोबांना माश्यांची खबर देते. मोडक्यातोडक्या मराठीत देते. 'पोळं'ला ती 'पोळी' म्हणते. मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेले पद्माकरराव ते ऐकून घेतात. दुरुस्त करत नाहीत.